कुमुदनं न वाचलेली ओवी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला गच्चीवर मुगाच्या वड्या घालत होते. "मावशी, आई गेली," एवढंच बोलला. वाटलेली डाळ हातावर वाळून गेली तरी मी तशीच बसून... आणि मनात पहिलं काय आलं सांगू? इथंही धाकट्या कुमुदनंच नंबर लावला. मोठी मी, गुडघे माझे गेलेले, साखर माझी वाढलेली. पण पुढे गेली ती. काही आठवडे उलटले, राग अजून उतरलेला नाही.

लहानपणी अंजनगावला आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. बाबांचे डोळे अधू झाल्यावर वाचायला कोणाला बसवायचं असा प्रश्न निघाला, आणि त्यांनी मला डावलून धाकटीला बसवलं. तिचा आवाज खणखणीत, माझा म्हणे नाकातला. ती पाटावर, ओट्यावर सगळे भाऊबंद, आणि खाली अंगणात आमचा सालदार नामदेव, म्हणजे वर्षाच्या बोलीवर आमच्या शेतात राबणारा गडी, बायको आणि पोरीसह. ओट्यावर चढायची त्यांना मुभा नव्हती. कधीतरी माझी पाळी येईल म्हणून मी एक अख्खा अध्याय पाठ करून ठेवला होता.

त्या वर्षी नामदेवानं बाबांच्या कानावर घातलं होतं, की गुढीपाडव्याला साल संपलं की बडनेऱ्याला रेल्वेच्या कामावर जातो, पोरीला शाळेत घालतो. बाबा त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांचं हत्यार वेगळं होतं. संध्याकाळी पोथी चालू असताना त्यांनी कुमुदला थांबवलं आणि अंगणाकडे बघून शांतपणे म्हणाले, "नामदेवा, मागच्या जन्माचं फेडाले तू या घरी आला. मधातच सोडून गेला तं पुढच्या जन्मी पुन्हा हेच." नामदेवानं हात जोडले. त्याच्या बायकोनं पोरीला जवळ ओढलं. मग बाबांनी कुमुदला सेवाधर्माची ओवी पुन्हा वाचायला सांगितली. पोथीतच आहे, वाच, असं ते दोनदा म्हणाले.

"पोथीत असन तं असन. मी नाही वाचत," ती म्हणाली आणि पाटावरून उठली.

बाबा तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. पण पोथीही कापडात बांधून ठेवली ती ठेवलीच. माझा अध्याय तोंडातच राहिला. पाडव्यानंतर नामदेव गेला, पोर शाळेत गेली, आणि म्हातारपणी बाबाच पाहुण्यांना ती गोष्ट सांगायचे, धाकटीनं मला कसं गप्प केलं म्हणून, चक्क कौतुकानं. मी जन्मभर त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, त्याचं कौतुक मात्र... जाऊ द्या.

पुढे ती अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवू लागली. आफ्रिकेतून धरून नेलेल्या माणसांना मालक लोक धर्मग्रंथातलं नेमकं आज्ञापालनच कसं ऐकवायचे, काळा रंग हा देवाचाच शाप आहे असं कसं पटवायचे, हे शिकवताना ती मध्येच आमचं अंगण आणायची. एकदा मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. देवाच्या नावानं घातलेली साखळी माणूस स्वतःच जपतो, असं काहीतरी ती म्हणाली, आणि पोरं लिहायची थांबून तिच्याकडे बघत राहिली. अंगण माझंही होतं, बाबा माझेही होते. तिच्या गोष्टीत मी कुठंच नव्हते.

परवा तिच्या घरी गेले. भाच्यानं दार उघडून दिलं आणि ऑफिसला पळाला. मी फोटोसमोर उभी होते, तेवढ्यात धुणीभांडी करणारी लता आली. चपला काढल्या आणि सरळ दिवाणावर जाऊन बसली. कामाला हात लावायच्या आधी रोज दोघी तिथंच चहा प्यायच्या म्हणे. माझ्या घरी कामवाली दिवाणावर बसलेली मला आठवत नाही.

"काकू, तुमी उभ्या काहून?" ती म्हणाली. "बसा न. ताईच्या घरी कोनी उभं नाई राहत."

मी तिच्याशेजारी बसले. जरा वेळानं लता पदर तोंडाला लावून रडू लागली, अगदी मोकळी होऊन. तिला नुसतं दुःख झालं होतं. मला तिचाही हेवा वाटला.