प्रभूच्या भावांची काकवी

मल्लवी गावात मुकद्दिस झाखेरचं नाव निघालं की लोक आधी हसत आणि मग आवाज खाली आणत. जेरुसलेमची यात्रा केलेला, मनगटावर क्रॉस गोंदवून आलेला, म्हणून मुकद्दिस. धंदा काकवीचा. बापाचा बैलावरचा एक चरक होता, झाखेरची डिझेलवर चालणारी तीन गुऱ्हाळं झाली. आणि ती कशाच्या जोरावर? उपासाच्या! ईस्टरआधी पंचावन्न दिवस मांस, दूध, अंडं वर्ज्य. खायची ती भाकर, तिळाचं वाटण आणि काकवी. गाव उपास करायचं आणि झाखेरची तिजोरी जेवायची.

असा नव्हता हो तो पूर्वी. एकच चरक होता तेव्हा वाटेवरच्या कुणालाही हाक मारून वाटीभर गरम काकवी द्यायचा, नावसुद्धा विचारायचा नाही. पैसा आला तसा संशय आला, दोघं एकाच गाडीतून उतरले म्हणा ना. कढईवरचा गुळव्या चव बघतो की पोट भरतो? जावई हात जोडतो तो सासऱ्याला की गुऱ्हाळाला? चर्चमध्ये डोळे मिटले तरी खिशावरचा हात काही निघत नसे.

तरी दान चालू होतं. दर वर्षी उपास सुरू झाले की चाळीस डबे चर्चला. आमच्यात गरिबांना प्रभूचे भाऊ म्हणतात. त्या भावांसाठी ते डबे. कुणाला दिले हे देणाऱ्याने विचारायचं नाही, ही रीत. अर्धे डबे पहिल्या आठवड्यात जात, अर्धे उपास निम्म्यावर आल्यावर. यंदा झाखेरने दुसरे वीस अडवून धरले. अबूना मिसाएलना, म्हणजे पाद्रीबाबांना म्हणाला, आधी यादी दाखवा. अबूनांनी चार दिवस टोलवलं, शेवटी घरोघरच्या चुली थंड होतील म्हणून यादी पुढे ठेवली. झाखेरने बोट ठेवलं ते उम्म शाकेर, म्हणजे शाकेरची आई, या विधवेच्या नावावर.

"हिचा मुलगा कुवेतला आहे. ही कसली गरीब? मला काय खुळा समजलात?"

"मग स्वतः जाऊन बघा," अबूना म्हणाले. "परत येऊन खोडा म्हणालात तर नाव खोडतो."

गुरुवारी मुकद्दिस येणार, असा निरोप त्यांनी त्या विधवेला धाडला. झाखेरला तेही खटकलं. निरोप कशाला? लपवाछपवीला वेळ मिळावा म्हणूनच ना?

गुरुवारी दुपारी तो निघाला. वाटेत हाजी मेतवल्लीच्या किराणा दुकानात सहज नजर गेली आणि पाय थबकले. फळीवर चर्चचे दोन डबे! विक्रीचा कागद न चिकटवलेले, त्याच्याच गुऱ्हाळात झाळून बंद केलेले. कुणी आणले म्हणून विचारलं, तर हाजी म्हणाला, उम्म शाकेरने, आज सकाळीच. झाखेरला राग यायला हवा होता; आला तो आनंद. बघा, मी म्हणत नव्हतो?

उम्म शाकेरने दारातच हात पुसत स्वागत केलं. झाखेरची नजर घरभर फिरली. चार कोंबड्या. कोपऱ्यात कुवेतचा पंखा, वर फडकं घातलेला. विचारल्यावर ती म्हणाली, मुलाने पहिल्या वर्षी पाठवला, नंतर पत्रही नाही. आणि वीज तर कधीच तोडून नेली. खोटं बोलत असेल, झाखेरच्या मनात आलं. तिने भाकर पुढे ठेवली, बशीत काकवी ओतली. त्याने घास बुडवून तोंडात घातला.

अव्वल माल. त्याच्याच पहिल्या कढईचा, शहरातले व्यापारी आगाऊ पैसे देऊन नेतात तो.

"ही कुठून आणलीस?" त्याचा आवाज चढला.

"हाजीच्या दुकानातून. दोन डबे दिले, वर महिनाभराची अंडी दिली, तेव्हा कुठे एवढीशी मिळाली." ती ओशाळून म्हणाली, "तुम्ही येणार होता. तुमच्यापुढे ती कशी ठेवू?"

"ती म्हणजे कोणती?"

तिने भाकर आणखी पुढे सरकवली. झाखेरने हट्टच धरला, तेव्हा तिने चुलीमागून उघडा डबा आणला. त्याने बोट बुडवून चाटलं आणि जिभेवर कोळसा ठेवल्यासारखं झालं. करपलेली, कडू, तळ खरवडून काढलेली. गुळव्याला कुणी सांगितलं होतं तसं? त्यानेच. चर्चचे डबे तळाच्या मालाने भर, फुकट खाणाऱ्याला कसली चव, असं तोच म्हणाला होता, आणि त्यालाही नऊ वर्षं झाली. मग दर वर्षी वेदीपुढे आपलं नाव वाचलं जाताना तो मान खाली घालून विनयाने उभा राहत आला होता. प्रभूच्या भावांना करपट आणि प्रभूपुढे ताठ नाव! त्याला आपलीच किळस आली.

त्यातही मन म्हणालंच, अबूनांनी हा सापळा लावला असेल, बाईला पढवलं असेल. पण समोर बाई होती, आणि ती लगबगीने त्या डब्यावर झाकण लावत होती.

त्याने करपट डबा पुढे ओढला, म्हणाला, मी हीच खातो. तिने घाईघाईने डबा उचलून ओढणीआड घेतला.

"नको मुकद्दिस, ती आमची. थोडं पाणी घालून उकळली की लागते गोड." मग धीर करून तिने विचारलं, "ते डबे दुकानात दिले म्हणून रागावू नका. पुन्हा नाही देणार. नाव राहील ना माझं यादीत?"

झाखेरने बशी बाजूला सारली, आपल्याच अव्वल काकवीची.

"राहील," तो म्हणाला.

बाईचा चेहरा एकदम उजळला. तिने दोन्ही हात वर केले आणि मनापासून आशीर्वाद दिला, "देव तुम्हाला आणखी भरभरून देवो."

आयुष्यात पहिल्यांदा झाखेरला वाटलं, हा आशीर्वाद आपल्याला लागू नये.