तैस्तोच्या गाडीची खडखड

तैस्तो कुम्पुलाच्या घराच्या पायरीवर यंदा बाटल्या दिसल्या नाहीत, तेव्हाच मी म्हटलं, हा माणूस संपला.

दरवर्षी पहिला बर्फ टिकला की तैस्तो जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत निरनिराळी इंजिन ऑइलं भरून रात्रभर पायरीवर मांडून ठेवायचा. सकाळी कॉफीचा कप घेऊन बाहेर यायचा आणि एकेक बाटली तिरकी करून बघायचा. जे ऑइल झटकन सरकलं ते पास. जे तळाशी लोळत पडलं त्याच्या आईबापाचा उद्धार. डब्यावर डब्ल्यूच्या आधी जो आकडा असतो, तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं, हे आमच्या लॅपलँडमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. पण तैस्तोचा छापील आकड्यावर विश्वास नव्हता. "आकडा छापणारा बसतो खाली दक्षिणेत," तो म्हणायचा, "त्याच्या नाकातला शेंबूड तरी कधी गोठलाय का?"

उभा जन्म त्याने जंगलातून लाकडाचे ट्रक हाकले. त्यात कान अर्धे गेले, म्हणून बोलायचाही मोठ्याने. पेट्रोल पंपावर आमचं म्हाताऱ्यांचं कॉफीचं टेबल आहे, तिथे ऑइलचा विषय निघाला की कॉफी गार व्हायची. मग त्याची बायको आउने दारातून ओरडायची, "चल ऊठ! माझ्याशी लग्न करताना मला नाही रात्रभर बर्फात ठेवून बघितलंस ते!" सगळं टेबल हसायचं. तैस्तो टोपी घालायचा आणि मुकाट तिच्या मागून जायचा. इतकं भांडून इतकं प्रेमात असलेलं जोडपं मी पाहिलं नाही, आणि मी गावातली सगळी जोडपी बारकाईने पाहिली आहेत.

मग आउनेचं डोकं पुसट व्हायला लागलं. आधी चाव्या हरवल्या, मग घरचा रस्ता. एकदा ती पायात नुसते मोजे घालून तळ्याच्या बर्फावर सापडली, आणि तिला केमियार्वीच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. दर रविवारी तैस्तो आपली जुनी निळी डिझेल गाडी घेऊन तिकडे जाऊ लागला.

त्या गाडीचा आवाज म्हणजे! इंजिन झिजलेलं, त्यात हा घालणार सगळ्यात पातळ ऑइल. इंजिनातले टॅपेट असे वाजायचे की पत्र्याच्या डब्यात कुणी चमचे ढवळतंय. रविवारी तो निघाला की अख्खा रस्ता जागा व्हायचा.

"तैस्तो, लेका, जरा जाड ऑइल घाल की," गॅरेजवाला ओइवा म्हणायचा. "इंजिन गप्प बसेल."

"तू गप्प बस," तैस्तो म्हणायचा.

आम्ही त्याला हट्टी ठरवून मोकळे झालो. खरं कारण माझी भाची हेली हिला ठाऊक होतं. ती त्याच वृद्धाश्रमात नर्स आहे. तिने हे बाहेर सांगायला नको होतं, आणि मला तर मुळीच नको होतं. तिनेही सगळं घडून गेल्यावर सांगितलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगून टाकतो.

आउनेला तैस्तोचा चेहरा आठवत नव्हता. नावही नाही. पण खाली अंगणात ती खडखड आली की बाई खुर्चीतून उठायची, केस सारखे करायची, खिडकीशी जायची आणि म्हणायची, "आला माझा माणूस. कॉफी ठेवा." मग तैस्तो वर येईपर्यंत, आणि तो बसला असेल तोवर, ती त्याची बायको असायची. एका आवाजावर त्या दोघांचा संसार उरला होता. म्हणून त्याला पातळ ऑइल हवं होतं.

आता आमच्या गावाची एक खोड. इथे कुणाला मदत करायची तर विचारत नाहीत. विचारलं की समोरच्याला ओशाळल्यासारखं होतं. शेजाऱ्याच्या छपरावरचा बर्फ काढायचा, लाकडं फोडून ठेवायची, आणि शब्द न बोलता घरी जायचं. ओइवाने तेच केलं. हिवाळ्याचे टायर चढवायला तैस्तोने गाडी आणून ठेवली, तेव्हा ओइवाने त्यातलं ऑइल काढलं आणि ट्रॅक्टरला उन्हाळ्यात घालतात ते जाड ऑइल भरलं. टेबलावर येऊन डोळा मारला. "म्हाताऱ्याचं इंजिन वाचवलं मी. त्याला सांगू नका हं."

तैस्तोला गाडी जरा शांत वाटली. त्याने कानांना दोष दिला.

त्या रविवारी खिडकी रिकामी होती. तो वर गेला. आउने हातांची घडी घालून बसली होती.

"तुम्ही कुणाकडे आलात?" तिने विचारलं. लग्नाआधीसुद्धा तिने त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"तुझ्याकडेच."

"माझा माणूस येईल आता. गाडी ऐकू आली की मला कळतं. तुम्ही त्याच्या ओळखीचे का?"

तैस्तो थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "हो. मीही त्याचीच वाट बघतोय."

आणि दोघं वाट बघत बसली.

असे किती रविवार गेले कोण जाणे. आउनेचं दुखणं वाढलं असं तैस्तोला वाटलं. टेबलावर तो काही बोलला नाही, फक्त ऑइलवरून भांडेनासा झाला. आम्ही म्हटलं, चला, सुटलो! तिकडे आउने आधी दर गाडीला मान वळवायची, हेली म्हणते, मग कधीतरी मान वळवायची थांबली.

जानेवारीत खरी थंडी उतरली. श्वास घेतला की नाकात काटे उभे राहत होते. तैस्तोची गाडी रात्रभर खांबावरच्या प्लगला जोडलेली होती, हीटर चालू होता. पण हीटर तापवतो इंजिनातलं पाणी, खाली तळाशी बसलेल्या ऑइलला त्याची फारशी ऊब लागत नाही. त्याने चावी फिरवली. इंजिन एकदा कण्हलं आणि थांबलं. त्याने ऑइल मोजायची डिपस्टिक ओढली. टोकाला ऑइल गोठलेल्या मधासारखं चिकटून होतं, थेंब काही पडेना. त्याने ते बोटांत चोळलं, आणि त्याला सगळं कळलं.

डिपस्टिक हातात तशीच धरून तो गॅरेजपर्यंत चालत गेला.

"ओइवा, काय घातलंस यात?"

"थोडं जाड घातलं, बाबा. तुझ्या भल्यासाठी. खडखड बंद झाली की नाही?"

"झाली."

"मग आभार मान की गड्या!"

तैस्तो एका टायरवर बसला आणि त्याने ओइवाला खिडकीची गोष्ट सांगितली. ओइवा म्हणतो, तो प्रथमच हळू आवाजात बोलला.

ओइवाने गाडी ओढून आणली, गॅरेजात गरम केली, ते जाड ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत काढलं आणि दुकानातलं सगळ्यात पातळ भरलं. इंजिन सुरू झालं आणि चमचे वाजायला लागले. "आली! आली रे खडखड!" ओइवा ओरडला. सहा फूट उंच, दाढीवाला माणूस बाहीने डोळे पुसत होता. रविवारी तो स्वतः तैस्तोच्या शेजारी बसून केमियार्वीला गेला.

अंगणात गाडी उभी राहिली. खिडकीत कुणी नव्हतं. तैस्तोने इंजिन बंद केलं नाही, उलट पाय दाबला. खडखड भिंतींवर आपटायला लागली. इतर खिडक्यांत म्हातारे-म्हाताऱ्या गोळा झाल्या, एकाने हातसुद्धा हलवला. वर आउने खिडकीकडे पाठ करून गोड पाव कॉफीत बुडवून खात होती.

"आउने," हेलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, "ऐकू येतंय का? गाडी आली."

आउनेने खाणं थांबवलं. मान जराशी तिरकी करून बराच वेळ ऐकलं.

"कुणाचीतरी गाडी बिघडली आहे," आउने म्हणाली, आणि तिने पाव पुन्हा बुडवला.

खाली तैस्तो खिडकीकडे बघत ॲक्सिलरेटर दाबत होता. शेवटी हेलीलाच अंगावर कोट टाकून जावं लागलं. तिने काचेवर टकटक केली.

"तैस्तोकाका, इंजिन बंद करा आता. धूर आत येतोय."

तो अजून दर रविवारी जातो. आउने त्याला 'तुम्ही' म्हणते. नवऱ्याची वाट ती आता बघत नाही, त्यामुळे त्याला सोबत वाट बघत बसायचंही निमित्त उरलेलं नाही.

यंदा ऑक्टोबरात टायर बदलायला तो गॅरेजात आला, तेव्हा मी तिथेच होतो, कामाशिवाय. ओइवाने आधीच पातळ ऑइलचा डबा काढून ठेवला होता. तरी त्याने मुद्दाम विचारलं. भांडण व्हावं, शिव्या खाव्यात, एवढीच त्याची आशा होती.

"बोल तैस्तो, कुठलं घालू?"

तैस्तोने डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"जे असेल ते घाल," तो म्हणाला.