वाळवंटात रचलेलं घर

आम्ही अमेरिकेला फिरायला चाललो असं सगळ्या ओळखीपाळखीत सांगितलं होतं. पण फिरायचं कोणाला पडलंय! आम्ही मुलाला विचारायला चाललो होतो. बाबा रे, तू परत येणार की नाही, एवढंच. फोनवर विचारता आलं नसतं का? नाही आलं. दर रविवारी ह्यांच्या अगदी ओठांवर यायचं आणि 'थंडी कशी आहे रे तिकडं' असं काहीतरी विचारून हे फोन माझ्याकडे द्यायचे.

दोघांची सगळी नोकरी अमरावतीत झाली. मी शाळेत, हे पाटबंधारे खात्यात. ह्यांचं मूळ गाव बार्शीटाकळीकडचं, म्हणून प्लॉट घेतला तो अकोल्यात. मुलगा कॉलेजात असतानाच ह्यांनी हौसेनं जोतं बांधून घेतलं. खाली आम्ही, वर मुलाचा संसार, गच्चीवर पाण्याची टाकी कुठं बसवायची तेसुद्धा ठरलेलं. मग मुलगा तिकडं गेला, आणि ह्यांचं एकच पालुपद सुरू झालं. "त्याचं पक्कं होऊ दे, मग भिंती उचलू." पक्कं होता होता त्याचं लग्न झालं, दोन लेकरं झाली, हे रिटायर झाले, मी झाले. आम्ही अजून अमरावतीत भाड्याच्या घरातच. तिकडं जोत्यावर आजूबाजूच्या बाया मिरच्या वाळवतात आणि दुपारी शेळ्या बसतात. मी किती वेळा म्हटलं, अहो, आपल्यापुरत्या तर भिंती घ्या. तर म्हणायचे, "अन् तो आल्यावर कुठं राहील? घाई कावून करतं?" घाई म्हणे! माझे गुडघे गेले त्या घाईत.

तिकडं पोचल्यावर पहिले कित्येक दिवस हे नुसते घरात या खोलीतून त्या खोलीत. तोंडाला कुलूप. मी डोळ्यांनी खुणावलं की पेपर वाचल्यासारखं करायचे, आणि पेपर इंग्रजी! शेवटी मुलानं रजा काढली आणि आम्हाला वाळवंटातलं एक राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेलं. सून आणि लेकरं घरीच राहिली, लेकरांची शाळा होती. मी ह्यांना आदल्या दिवशीच बजावलं, "आता तिघंच आहोत. तिथं विचारलं नाही तर मी विचारीन, आणि माझं बोलणं तुम्हाला माहीत आहे."

उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं झाडं आली होती. तिथं झाडाचं नाव नाही. सगळा मुलूख लाल. वाऱ्यानं आणि पाण्यानं खाऊन खाऊन उरलेले दगड, कुठं खांब, कुठं भिंत, कुठं आरपार भोक पडून झालेली केवढी तरी कमान. ऊन मात्र ओळखीचं होतं, कोरडं, नाकातून आत जाणारं. "अकोल्याचं ऊन याच्यापेक्षा कडक," हे म्हणाले, जरा अभिमानानंच. मुलगा हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो असा मोकळा हसला, मला फार बरं वाटलं.

मोठी कमान पाहायला पायी जावं लागतं. वाट म्हणून काही नाहीच, सगळा उघडा कातळ. थोड्या थोड्या अंतरावर कोणीतरी दगडांवर दगड रचून ठेवलेले होते. ते पाहिले आणि हे एकदम थांबले.

"हे पाह्य," मला म्हणाले, "इकडल्या लोकाईलेबी घर मागा लागते!"

मलाही तसंच वाटलं हो. आमच्याकडं माहूरच्या गडावर जाताना बायाबापड्या वाटेच्या कडेला दगडावर दगड ठेवतात. देवी, स्वतःचं घर होऊ दे, म्हणून. जेवढे मजले हवेत तेवढे दगड. दुसऱ्यानं रचलेल्याला कोणी धक्का लावत नाही, पोरांनासुद्धा लावू देत नाहीत. एवढी मोठमोठी घरं असलेली ही माणसं अजून कशाला घर मागतात, असं माझ्या मनात आलं, पण मागत असतील बापडी, म्हणून मी पुढं बघायला लागले.

थोडं चढल्यावर माझे गुडघे बोलायला लागले. मुलगा म्हणाला, "तुम्ही इथं सावलीत बसा, मी गाडीतून पाणी घेऊन येतो." तो गेला. मी एका खडकाला टेकले आणि पदरानं वारा घेत बसले. बघते तर हे खाली वाकून दगड गोळा करताहेत. कमरेचा पट्टा लावलेला माणूस! "काय करून राहिले तुमी?" म्हटलं.  वाटेपासून जरा बाजूला जाऊन सपाट जागा पाहिली, हातानं झाडली, खाली रुंद दगड बसवला, ते जोतं. त्यावर दुसरा. हलतो का ते पाहिलं, खाली चपटी कपरी घातली. मग त्यावर अजून एक छोटा. वरचा मजला. चप्पल काढून हात जोडले. ना देवी, ना गड, परक्या देशाच्या वाळवंटात हा म्हातारा हात जोडून उभा. मला हसू येत होतं, पण पदरानं वारा घ्यायचं मी थांबवलं. 

तेवढ्यात खालून एक जोडपं आलं, बापाच्या पाठीवर लेकरू. वळणावर थांबले, इकडंतिकडं पाहिलं आणि ह्यांनी रचलेल्या दगडांकडं वळून सरळ पुढं चालायला लागले. पलीकडं कातळ संपतो आणि खाली खोल दरी. मागून आमच्या मुलाची हाक आली. तो बाटल्या टाकून धावत सुटला, ओरडून त्यांना थांबवलं, हातवारे करत परत आणलं. ती माणसं हसून त्याचे आभार मानून गेली. 

मग तो ह्यांच्याकडं वळला. "बाबा, हे तुम्ही केलं? अहो, इथं दगडांवर दगड म्हणजे वाटेची खूण असते. माणसं मरतील अशानं!" आणि पायानं ते पाडलं. बुटानं. वरचा दगड घरंगळत गेला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "पायानं पाडतं?" मी ओरडले. "बापानं अकोल्याचं घर मागितलं होतं त्यात! तुह्यासाठी मागितलं! माहूरले माझं बोट धरून तू नव्हते का रचले?"

तो तसाच उभा राहिला. आठवलं असावं. "मले मालूम नव्हतं, आई," तो म्हणाला. इतकी वर्षं झाली, पुण्याची भाषा बोलतो तो आमच्याशी, पण तेव्हा 'मले' म्हणाला.

"जाऊ दे," हे म्हणाले. "लेकराले घिऊन पडले असते ते. पाडलं ते बरं केलं." आणि उरलेले दोन दगड स्वतःच उचलून दूर ठेवून आले. कमानीपर्यंत कोणी गेलंच नाही.

परत येऊन गाडीत बसलो. मी मनाशी ठरवत होते, आता मीच विचारते. पण हेच बोलले. पुढं बघत, आवाज अगदी साधा.

"मंग, भिंती किती उचलू?"

मुलानं गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच. "बाबा, बांधा तुम्ही. आता थांबू नका. पण तुमच्या दोघांपुरतंच बांधा."

"अन् वरचं?"

"वरचं नको."

मला कळलं. ह्यांनाही कळलंच असणार, पण माणसाची आशा चिवट. "कायमचं नाही म्हणत मी," हे म्हणाले. "सुट्टीत याल, चार दिवस राहाल, त्याले तं खोली लागीनच नं? लेकरं कुठं झोपतीन?"

मुलगा खाली बघत राहिला. त्याचेही डोळे भरले होते, ते मी पाहिलं, खोटं कशाला बोलू. "आम्ही हॉटेलात उतरू, बाबा," तो हळूच म्हणाला. "मुलांना ऊन सोसत नाही, एसीची सवय आहे. रोज येऊ ना भेटायला."

मला वाटलं, गाडीचं दार उघडावं आणि त्या उन्हात चालत सुटावं. स्वतःच्या गावात, आईबाप जिवंत असताना हॉटेलात! जिभेवर काय काय आलं होतं. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, बोलू नको म्हणून. मग मुलाच्या खांद्यावर थोपटलं, लहानपणी पडला की थोपटायचे तसं.

"बरं, बरं," हे म्हणाले. "काही हरकत नाही. अकोल्यातबी आता चांगली हॉटेलं झाली हायत."