रफूवाल्या मावशीचा उजवा डोळा

माझी मावशी रफू करायची. जळालेला कोट असो की उंदराने कुरतडलेली शाल, त्याच कापडाचे धागे उसवून ती असं विणायची, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. काम झालं की कापड माझ्यापुढे टाकायची. "शोध!" मी दहा-दहा मिनिटं डोळे फाडफाडून बघायचे आणि शेवटी चरफडत हार मानायचे.

वाकलं की जाड चष्मा नाकावरून घसरायचा, म्हणून अडतिसाव्या वर्षी तिने लेझर करून घेतलं. पंधरा दिवस मावशी आरशापुढून हलेना. तिसऱ्या आठवड्यात उजवा डोळा लाल झाला, खुपू लागला. ऑपरेशननंतरचे थेंब उरले होते, तेच तिने घातले. दोन दिवसांत लाली गेली. "बघ, दिसतंय का काही?" पुढची बाटली चिठ्ठीशिवाय मीच आणून दिली. अक्कल पाजळली!

लाली परतली तेव्हा बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. डॉक्टरीणबाईंनी लेझरच्या वेळी कापलेला पापुद्रा उचलला, खालचं खरवडून तपासायला पाठवलं. जंतू तिथेच दडून हळूहळू वाढत होते.

"त्या थेंबांनी लाली दबते, जंतू मरत नाहीत. उलट त्यांना मोकळं रान मिळतं," बाई म्हणाल्या.

मावशी कसनुसं हसली. "म्हणजे वरून रफू, आत भोक तसंच." मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

मग सात आठवडे तासातासाला जळजळीत औषध. मी घालायचे, ती ओरडायची नाही, फक्त माझं मनगट आवळायची. शेवटी पापुद्राच काढून टाकावा लागला. जंतू गेले, पण नजरेच्या ऐन मध्यावर डाग राहिला. पुढेमागे बुबुळ बदलता येईल, पण सुईची नजर परत येईलच असं नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं.

काल तिने हट्टाने एक कोट घेतला. डावा डोळा धड आहे, पण एका डोळ्याला सुई धाग्याच्या अलीकडे की पलीकडे, तेच कळत नाही. दिवसभर बोटं टोचून घेत बसली. संध्याकाळी कोट माझ्यापुढे टाकला.

"शोध."

बाहीवरच्या गाठी दारातूनसुद्धा दिसल्या असत्या. मी लगेच म्हटलं,

"हरले बाई! नाही सापडत."

तिने बाहीवरच्या गाठींवरून बोट फिरवलं.

"पूर्वी दहा मिनिटं शोधायचीस."