रघिशाचं कडं

एलघाली लोहार आमच्या तांड्यातला सगळ्यात तोंडाळ माणूस. तसं असणं त्याचं कामच होतं. वाळवंटातल्या आम्हा तुआरेगांत खानदानी पुरुषानं तोंडावरचा पडदा खाली सरकवायचा नसतो आणि तोंड उघडून काही मागायचंही नसतं. मागायचं ते लोहारानं. लग्नाची बोलणी, उंटाचा सौदा, भांडणातल्या शिव्या, सगळं त्याच्याच तोंडून.

फ्रेंच लढाई हरले तेव्हा उत्तरेकडे लोक झेंडे घेऊन नाचले. आमच्याकडून मात्र ते हललेच नाहीत. करारात कलम होतं म्हणे: देश तुमचा, वाळवंटातला तळ आणखी पाच वर्षं आमचा. तिथल्या डोंगराच्या पोटात ते अणुबॉम्ब फोडत राहिले आणि आमचं नवं सरकार राजधानीत, अल्जिअर्समध्ये, स्वातंत्र्याची भाषणं ठोकत राहिलं. जास्त किळस कुणाची करावी, हे मला अजून ठरवता येत नाही.

जाताना त्यांनी ट्रक, तारा, पत्रे वाळूत पुरले. आम्हाला अवाक्षरही सांगितलं नाही. वाऱ्यानं वाळू उडाली तशी लोकांनी हात मारला. एलघालीला तांब्याची तार मिळाली. लेकीचं लग्नातलं कडं लोहार बापानं स्वतः घडवायचं असतं. रघिशाचं त्यानं त्याच तांब्याचं घडवलं आणि तांडाभर मिरवलं.

काही वर्षांनी तिच्या मनगटाची कातडी सोलून निघू लागली. जखम भरेचना. बोभाटा झाला तेव्हा कुठे एक फ्रेंच तज्ज्ञ आला. सोबत दुभाष्या म्हणून आमच्याच सरकारचा एक साहेब. तांड्याच्या मुखियांनी पडदा नाकावर ओढला आणि एलघालीकडे पाहिलं.

"आमची मेंढी खाल्लीत, चहाही ढोसलात," एलघालीनं तोंड सोडलं. "आता सांगा, कुठं कुठं काय पुरलंय?"

"ते लष्करी गुपित आहे," तज्ज्ञ म्हणाला.

"माझ्या तंबूखाली तुमचं गुपित?"

"ए लोहारा, पाहुण्यांशी नीट बोल!" साहेब खेकसला.

"पाहुणे? अहो साहेब, पाहुणा आपली घाण यजमानाच्या दारात पुरून जात नाही!"

तज्ज्ञानं किरणं मोजायचं यंत्र रघिशाच्या मनगटाजवळ नेलं. ते कडकड वाजायला लागलं तसा तो मागे सरला, हातमोजे चढवले, पकडीनं कडं तोडलं आणि जाड शिशाच्या पेटीत टाकलं.

"हे आम्ही नेणार. माल आमच्या लष्कराचा आहे."

साहेबानं मान डोलावली.

अख्ख्या तांड्यासाठी मागणाऱ्या एलघालीला स्वतःच्या लेकीसाठी शब्द सापडेना. रघिशानंच हात पुढे केला.

"आमच्या घरचं कडं तुमचं, तर मग ही जखमही तुमचीच की. घाला पेटीत."

तज्ज्ञानं झाकण लावलं.

"घाला ना, दादा."

तो गाडीकडे निघाला. दार आमच्या साहेबानं उघडून धरलं.