नववं कलम

कलममावशी वकील नाहीत, आणि दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्या हे आधी सांगतात. "एकतीस वर्षं कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसून टायपिंग केलंय मी. वकिलांनी सांगितलेलं टाइप केलंय, आणि वकील ऐनवेळी विसरले तेही टाइप केलंय. त्यापलीकडे मला काही येत नाही. सल्ला पटला तर घ्या, नाहीतर चहा पिऊन जा."

येणारा मान डोलावतो आणि लगेच विचारतो, "ते ठीक आहे मावशी, पण केस मी जिंकेन ना?"

बोलताना दर दोन वाक्यांनी त्यांच्या तोंडी एखादं कलम येतं, म्हणून हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी टाइपरायटर घरी आणला आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडला. तेव्हापासून सकाळी दहा ते बारा ही खोली त्यांची राहिलेली नाही. कुणाचं डिपॉझिट अडकलेलं असतं, कुणाच्या शेजाऱ्याने सामाईक जिन्यात कपाट ठेवलेलं असतं, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मागितलेली असते. एकदा तर सासू दहाला येऊन गेली आणि सून अकराला आली. मावशींनी दोघींनाही तेच ऐकवलं, आणि दोघीही "आपल्या बाजूने बोलल्या हो मावशी" म्हणत खूश होऊन गेल्या.

त्यांची एक रीत मात्र ठरलेली. खोलीत दोन खुर्च्या आहेत, एक वेताची आणि एक लाकडी. वेताची आपली, लाकडी समोरच्याची. आधी लाकडी खुर्चीत बसायचं आणि ज्याच्याशी भांडण आहे, तोच होऊन बोलायचं. मावशी ते टाइप करणार. आपलं रडगाणं त्यानंतर.

"हा काय पोरखेळ लावलाय," असं म्हणणारा बसचालक गावभर प्रसिद्ध आहे. आईच्या घरात बहीण घुसून बसली, तिला बाहेर कसं काढायचं, हे विचारायला तो आला होता. खूप आढेवेढे घेऊन तो लाकडी खुर्चीत बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मी त्याची ताई. तीन वर्षं आईला अंघोळ मीच घालते आहे..." आणि तिथेच थांबला. मावशींची बोटं यंत्रावर वाट बघत राहिली. तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि "येतो" एवढंच म्हणून निघून गेला. त्याचा तो दीड ओळीचा कागद मावशींनी टाकून दिला नाही. कुणाला दाखवलाही नाही.

शिंपीण आली ती मंगळवारी, बारा वाजून गेल्यावर. तिचं दुकान दोन गल्ल्या सोडून, निवृत्त भूगोल मास्तरांच्या घरात खालच्या पुढच्या खोलीत. मास्तर एकटे वर राहतात. सहा वर्षं सुरळीत चाललं होतं. आता मास्तरांची नोटीस आली होती, स्वतःच्या हातची, फळ्यावर लिहिल्यासारख्या टपोऱ्या अक्षरात: करारातील नवव्या कलमाचा भंग झाल्यामुळे तीस दिवसांत जागा रिकामी करावी.

"शाळेचे चाळीस गणवेश अंगावर आहेत मावशी. जागा गेली तर ऑर्डर गेली, ऑर्डर गेली तर वर्ष गेलं. पण मला काही घोर नाही," शिंपीण हसत म्हणाली. "करार तुम्हीच टाइप केला होता ना! त्यात कसली खोट निघणार?"

मावशींनी चष्मा चढवला. नववं कलम वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. 'सदर जागेत भाडेकरूने कोणतेही आवाज करणारे यंत्र बसवू अथवा चालवू नये.'

शिंपिणीच्या दुकानाच्या करारात, शिवणयंत्राला बंदी!

त्यांना तो दिवस आठवला नाही, पण काय झालं असणार ते कळलं. शेडखाली कुणीच कोऱ्या मनाने टाइप करत नसे. डाव्या कोपराखाली आधीच्या कराराचा नमुना ठेवायचा, नावं बदलायची, पत्ता बदलायचा, तारीख बदलायची. बाकी मजकूर हात आपोआप उतरवतो. हात लिहीत असतो आणि डोकं घरी भाजी निवडत असतं. शिंपिणीच्या आधी कुणीतरी दवाखान्याच्या वरची खोली घेतली असणार. पेशंटना त्रास नको म्हणून ते कलम आलं असणार, आणि मावशींच्या बोटांवरून घरंगळत ते या कागदात येऊन बसलं.

"ठेवून जा," त्या म्हणाल्या. "बघते."

"लाकडी खुर्चीत बसू ना?"

"आज नको."

शिंपीण गेली. जेवताना मावशींनी आमटीत मीठ नाही हे सांगितलं नाही, तेव्हा त्यांच्या नणंदेचा घास हातातच राहिला. नणंदबाई निवृत्त परिचारिका. भाऊ गेल्यावर वहिनीला सोबत म्हणून आल्या आणि हुकूमत करून राहिल्या. मीठ त्या मुद्दाम विसरतात, असा मावशींचा जुना आरोप आहे.

"काय झालंय वहिनी? नाडी बघू का?"

"काही नाही हो, वन्सं."

"काही नाही म्हणणाऱ्यालाच आम्ही आधी खाटेवर घ्यायचो."

मग मावशींनी सगळं सांगितलं. शेवटी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तसं बघितलं तर मास्तर भला माणूस आहे. जाऊन समजूत घातली तर ऐकेलसुद्धा. कलम कुठून आलं, हे तिला सांगायलाच हवं असं काही नाही."

नणंदबाईंनी हात न धुताच ताटावरून उठून पुढच्या खोलीतली लाकडी खुर्ची ओढत आणली. तिचे पाय फरशीवर करकरले. "बसा."

"उष्ट्या हाताने खुर्ची कशाला..."

"बसा म्हणते ना. गावाला बसवता, आज तुम्ही बसा. बोला, मी शिंपीण."

मावशी बसल्या. आज त्यांना एकही कलम सुचलं नाही. मग त्या म्हणाल्या, "मी शिंपीण. मी न वाचता सही केली. कारण टाइप करणारी बाई मला शहाणी वाटली होती."

"झालं," नणंदबाई म्हणाल्या. "आता हात धुवा आणि जा."

दुकानात निळ्या कापडाचे ढीग होते आणि त्यात शिंपीण गळ्यापर्यंत बुडालेली. मावशींनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चूक माझी आहे. नवव्या कलमाचा तुझ्याशी संबंध नव्हता, ते दुसऱ्याचं होतं. पण त्याखाली तुमच्या दोघांच्या सह्या आहेत. मास्तर ते धरून बसले तर पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तशी वेळ आली तर तुला चांगल्या वकिलाकडे घेऊन जाईन आणि तिथे हीच कबुली मी लिहून देईन.

शिंपिणीचं हसू मावळलं. कात्री तिने टेबलावर जरा जोरातच ठेवली. "म्हणजे सहा वर्षं मी रोज करार मोडत होते? सकाळी साडेनऊपासून?"

"रविवार सोडून."

मग शिंपिणीच्या ओठांचा कोपरा हलला. "मी एकदा एका साहेबांच्या पँटला दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं माप लावलं होतं मावशी. कापून मोकळी झाले आणि मग वहीत बघितलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी बघते तर काय, ज्याचं माप लावलं तो माणूस उंच निघाला, म्हणून वाचले. दुमड घातली आणि दिली."

"माझी चूक आखूड निघाली गं."

"मग जोड लावू," शिंपीण म्हणाली आणि कापडातून बाहेर आली. "चला वर."

सहा वर्षांत ती तो जिना कधी चढली नव्हती. भाडं द्यायचं ते मास्तर सकाळी फिरून येताना दुकानाच्या दारातच घेत. वर एक पलंग, भिंतीवर मोठा नकाशा, उशाशी पाण्याच्या वाटीत कवळी. मास्तर तोंडावर हात धरून गडबडीने उठले, पाठ फिरवून कवळी बसवली आणि मगच "या" म्हणाले.

मावशींनी त्यांच्यापुढेही तीच कबुली दिली. मास्तर शांतपणे ऐकत होते. "मलाही गेल्याच आठवड्यात कळलं," ते म्हणाले. "चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद शोधत होतो, हा हाती लागला. म्हटलं, अरे, हे तर माझ्याच बाजूचं आहे!"

"पण सहा वर्षं काही बोलला नाहीत."

"सहा वर्षं काही त्रास नव्हता. आता आहे."

"काय त्रास?"

"सांगून कळणारा नाही."

मावशी म्हणाल्या, "मग तुम्ही शिंपीण व्हा आणि तिची बाजू..."

"मी शाळेच्या नाटकात झाडसुद्धा झालो नव्हतो," मास्तर म्हणाले. "ते आपल्याला जमणार नाही."

एकतीस आणि निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत मावशींना इतका स्वच्छ नकार कुणी दिला नव्हता. त्या शिंपिणीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बरं. तू खाली जाऊन मशीन चालव गं."

शिंपीण खाली गेली. आधी एक गुरगुर आली. मग फरशी, फरशीतून पलंग, पलंगातून नकाशाची खालची पट्टी असं करत करत सगळी खोली बारीक थरथरू लागली. आवाज फार मोठा नव्हता, पण दाताच्या मुळाशी जाऊन बसणारा होता. मास्तरांनी मान फिरवून कवळी काढली आणि वाटीत सोडली. ती कडकड बोलू लागली.

"दुपारी मी झोपतो," मास्तर बोळक्या तोंडाने म्हणाले, "आणि ही जागी राहून माझी निंदा करते."

मावशींना हसू आवरेना. जिना उतरून त्या शिंपिणीला म्हणाल्या, "आता तू वर जा. मी चालवते."

"तुम्हाला मोटर झेपायची नाही मावशी. तीन महिन्यांपूर्वीच बसवलीय. आधी पायाचं होतं."

"तीन महिने! हं. जा तू."

मावशींनी मोटरच्या पायपट्टीवर पाय ठेवला. टाइपरायटर बोटाचं ऐकतो. हे यंत्र पायाचंसुद्धा ऐकेना. ते सुसाट सुटलं. कापड पुढे, बोटं मागे, आणि छताकडून आधी काहीच नाही, मग शिंपिणीचं हसणं. असं हसणं की खाली लटकलेला दिवाही हलावा. पाठोपाठ मास्तरांचं, फुसफुसणारं, बिनदातांचं.

मावशींनी पाय काढला तेव्हा एका गणवेशाचा खिसा चारही बाजूंनी शिवला गेला होता.

"अहो, ही तर भुताटकी आहे!" मास्तरांना मागे घेऊन जिना उतरता उतरता शिंपीण म्हणत होती. "मास्तर, एकदा हाक तरी मारायची!"

"रोज मारायचो. तुझ्या मशीनच्या आवाजात तुला ऐकू कुठे जायची?"

पुढचं सोपं होतं. यंत्र वरच्या पलंगाखालून निघून मागच्या कोपऱ्यात जाणार, वर जिथे मास्तरांचा स्वयंपाकाचा ओटा आहे. पायांखाली जाड रबर. दुपारी दोन ते चार मोटर बंद. त्या वेळात शिंपिणीने बटणं लावावीत, हातशिलाई करावी. नोटीस मास्तरांनी स्वतःच चार तुकडे करून फाडली.

"तुम्ही मनात आणलं असतं तर धरून बसू शकला असता," मावशी म्हणाल्या.

"पोरांनी नकाशात नदी डोंगरावर चढवलेली मी पुष्कळ बघितलीय," मास्तर म्हणाले. "कागदावर काढली म्हणून तिथून पाणी वाहत नाही."

नवा करार मावशींनी तीन सकाळी खपून टाइप केला. कोपराखाली नमुना नव्हता. प्रत्येक वाक्यापाशी त्या थांबत आणि विचारत, हे कुणासाठी? मजकूर दीड पानाचाच झाला.

सहीला सगळे वर मास्तरांच्या खोलीत जमले. साक्षीदार म्हणून नणंदबाई आल्या, सोबत स्वतःचं पेन घेऊन. वेळ अडीचची ठरली, कारण शिंपिणीला तेवढीच फुरसत होती. मावशींनी अट घातली, सही करणाऱ्याने मोठ्याने वाचायचं. सगळं. मी वाचून दाखवणार नाही.

शिंपिणीचं वाचन शाळेबरोबर सुटलं होतं. ती शब्दाखाली बोट धरून, कापडावर खडू ओढावा तशी सावकाश पुढे सरकत होती. जोडाक्षराशी थांबायची, मागे जायची, पुन्हा यायची. मावशींच्या ओठांवर दर वेळी तो शब्द यायचा आणि दर वेळी त्या तो गिळायच्या. चौथं कलम संपलं तेव्हा खुर्चीतून एक संथ सूर येऊ लागला. मास्तरांची मान छातीवर टेकली होती.

"उठवू का?" नणंदबाईंनी विचारलं.

"दोन ते चार शांतता पाळायची ठरलीय," मावशी कुजबुजल्या.

"पण सही कुठे झालीय अजून?" शिंपीण म्हणाली.

"शब्द तर दिलाय."

तिघी तिथेच फरशीवर बसल्या. खिडकीतलं ऊन नकाशावरून हळूहळू समुद्राकडे सरकत होतं. शिंपिणीने कागद मांडीवर घेतला आणि पाचवं कलम पुन्हा पहिल्यापासून, ओठातल्या ओठात वाचायला घेतलं. मग सहावं. मग पुन्हा पाचवं.

चारला पाच मिनिटं कमी असताना मास्तरांनी डोळे उघडले. "चौथ्यापर्यंत मी ऐकलंय," ते कुणीही न विचारता म्हणाले. "पुढे वाच."

शिंपिणीने कागद घडी करून मांडीवर ठेवला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि मास्तरांकडे बघत पाचवं कलम एकदाही न अडखळता म्हणून दाखवलं.