कंपाउंडरची सुई

एकाहत्तरच्या लढाईत माझ्या थोरल्या भावाच्या पायाला गोळी लागली आणि तो फलटणजवळच्या आमच्या गावी परतला. दुखणं थांबावं म्हणून एक कंपाउंडर घरी येऊन त्याला मॉर्फिनची, म्हणजे अफूच्या औषधाची, सुई टोचायचा. जखम भरली, तरी पैशासाठी त्यानं सुई थांबवली नाही, आणि भावाला तिची चटक लागली. ती मिळाली नाही की भाऊ थरथरायचा, आईच्या अंगावर धावून जायचा. गावानं त्यालाच नावं ठेवली. कंपाउंडरला मात्र सगळे वाकून रामराम करायचे!

शेवटी वहिनीनं भर बाजारात त्या कंपाउंडरची गचांडी धरली. "माझ्या दाल्ल्याला पोखरून खाल्लंस! परत दारात आलास तर तंगडं मोडीन!"

मग तिनं भावाला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार आहे, बरा होतो. पण त्याला एकटं सोडू नका." पलटणीतले दोन सोबती पाळीपाळीनं उशाशी बसले. भाऊ त्यांनाही शिव्या द्यायचा. ते म्हणायचे, "दे गड्या, आमी न्हाई जात."

भाऊ त्यातून सुटला, पुन्हा उसाला पाणी पाजू लागला. कंपाउंडर मात्र शेवटपर्यंत मानानं जगला. लोक मला म्हणतात, "जाऊ द्या आता." का म्हणून जाऊ द्यायचं?